करतो आणि करायलो

पहाटे ५.१५
सरांचा दिवस गुळण्यांनी सुरू होतो. गरम पाणी, मीठ, चिमूटभर हळद. दिवसभरात सहा तास बोलायचं असतं. घसा बसला की बॅच बसते, मग रोजची कमाईही बसते. एम.ए. इंग्रजी, बी.एड., सेट असं सगळं झालेलं आहे. काही वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवलं. मानधन वर्ष संपल्यावर यायचं, तेही तुकड्यातुकड्यानं. आता स्वतःची सकाळची बॅच, दुपारी दुसऱ्याच्या अकॅडमीत दोन तास आणि संध्याकाळी बोलण्याचा वर्ग.

पिशवी रात्रीच भरलेली असते. दोन मार्कर, शाईची बाटली, डस्टर, कॉलरला लावायचा माइक, त्याचा छोटा स्पीकर, झेरॉक्सचा गठ्ठा. नवा मार्कर पंचवीस रुपयांना. शाई भरत राहिलं तर तोच महिना काढतो. डबा बायकोनं बांधून ठेवलाय. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. प्रवासात टिकतं.

६.३०
नांदेड, भाग्यनगर. दुसऱ्या मजल्यावरचा पत्र्याचा हॉल, भाडं महिन्याला सात हजार. आषाढ निम्मा झालाय, पण पाऊस नाही. सकाळीच पत्रा तापायला लागलाय. बाकांवर चाळीस-पंचेचाळीस पोरं-पोरी. कुणी लोह्याहून, कुणी मुखेडहून, कुणी हदगावहून आलेलं. राहायला कॉट बेसिसवर खोल्या, अभ्यासाला अभ्यासिका. तीन महिन्यांची इंग्रजीची फी अडीच हजार.

सगळ्यांच्या डोक्यात सरळसेवा भरती. २०२३च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्न होते आणि त्यातले पंचवीस इंग्रजीचे. अर्जाला खुल्या प्रवर्गाला हजार रुपये पडले, राखीवला नऊशे. अर्ज दहा लाखांच्या वर गेले. तिथं एका 'हॅज'नं गुणवत्ता यादीतली जागा खालीवर होते. त्यामुळे इथं काळ शिकायला बसलेलं कुणी हौसेनं बसलेलं नाही.

सर फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढत नाहीत. तो सगळ्यांना पाठ आहे. पाचवीपासून घोकलाय, काहींनी पहिलीपासून. कर्ता, अधिक ॲम-इज-आर, अधिक क्रियापद, अधिक आयएनजी. सूत्र येतं, वाक्य येत नाही.

फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहितात 'करतो', उजवीकडे 'करायलो'.

"घरून फोन आला. आई विचारती, काय करायलास? काय सांगता?"

"अभ्यास करायलो," मागून दोघं-तिघं.

"आणि पाहुण्यानं विचारलं, पोरगं काय करतंय नांदेडला?"

"अभ्यास करतो. भरतीचा."

"दोन्ही एकच हाय का?"

नाही, हे सगळ्यांना कळतं. करतो म्हणजे नेहमीचं, आत्ता तो चहा पीत असला तरी. करायलो म्हणजे या घटकेला. सर डावीकडे लिहितात 'आय स्टडी', उजवीकडे 'आय ॲम स्टडिंग'.

किनवटचा पोरगा हात वर करतो. "सर, आमच्याकडं करून राहिलो म्हणतात." विदर्भाच्या कडेचं गाव, बोली तिकडची. उदगीरची मुलगी म्हणते, "आमी करूलाले म्हणताव." वर्गात थोडी खसखस. सर हसत नाहीत. करायलो, करून राहिलो, करूलाले, तिन्ही एकाखाली एक लिहितात आणि तिन्हींपुढं एकच महिरपी कंस काढतात.

तिसऱ्या बाकावरचा एक जण पुण्यात दोन वर्षं अभ्यास करून परत आलाय. तो हळू आवाजात सांगतो की तिथं रूममेट हसायचे, म्हणून त्यानं 'करायलो' सोडलं. आता 'करतो'च म्हणतो, दोन्हीला.

"इथं बोल," सर म्हणतात. "इंग्रजीत दोन खोल्या हायत. तुझ्या भाषेतबी दोन हायत. एक कामून बुजवायची?"

हे मला फार मोलाचं वाटतं. 'काय करतोस?' या पुस्तकी प्रश्नात आत्ताचं आणि नेहमीचं दोन्ही मावतं, फरक संदर्भावरून ओळखावा लागतो. मराठवाड्याची बोली तो फरक क्रियापदातच ठेवते. अशुद्ध म्हणून ज्या बोलीवर शाळेच्या वहीत लाल रेघ मारली, तिच्यातच इंग्रजीच्या चालू काळाची किल्ली आहे. सरांना ती पुस्तकात सापडलेली नाही, वर्गात सापडली.

७.२०
किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. सर तेही लपवत नाहीत.

"तुम्ही आत्ता बाकावर काय?"

"बसलोत."

"इंग्रजीत?"

"वुई हॅव सॅट."

सगळा वर्ग तिथंच अडकतो. मराठीत बसणं होऊन गेलेलं आहे, म्हणून बसलोत. बाळ झोपलंय, बाबा उभे राहिलेत, हेही तसंच. इंग्रजी ती अवस्था चालू धरते. वुई आर सिटिंग, द बेबी इज स्लीपिंग. सर हे पाच वेळा म्हणून घेतात, मग उभं करून पुन्हा म्हणून घेतात. चाळीस जण उठतात. बाकांचा कर्रकर्र आवाज. "वुई आर स्टँडिंग." पत्रा दणाणतो.

मग 'एस'. माय फादर वर्क इन फार्म. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत. मराठीत मी जातो, तू जातोस, ते जातात, रूप बदलत जातं. इंग्रजीत एकट्या तिसऱ्या माणसाला एस, आणि तोच नेमका सुटतो. यावर सरांकडे युक्ती नाही. वही तपासणं आणि पुन्हा तपासणं, एवढंच.

८.४५
सकाळची बॅच सुटते. सरांचा उजवा खांदा धरलाय. खालच्या टपरीवर चहा, दहा रुपये. एक मुलगी वाट बघत उभी आहे.

"सर, फीचे हजार राहिलेत. बापूंनी पेरलंय, पण पाऊस नाई. दुबार आली तर बियाण्यालाच पैशे लागतील. सोयाबीन निघाल्यावर देऊ का?"

"बॅच बंद करू नको," सर म्हणतात. वहीत तिच्या नावापुढं 'दिवाळी' लिहितात. त्या पानावर दिवाळी बऱ्याच नावांपुढं आहे.

१०.१५
नांदेड बसस्थानक. लातूरकडे जाणारी लालपरी. सर अहमदपूरला उतरणार. आठवड्यातून तीन दिवस हा फेरा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी भरलेली. सरांना पूर्ण. जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास.

मांडीवर पेपरांचा गठ्ठा. गाडी पळते तेव्हा ते वाचतात, थांबते तेव्हा लाल पेन चालवतात. लोह्याला आठ पेपर झाले. खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव येईपर्यंत आणखी सहा. दोन्ही बाजूंना सोयाबीन दोन पानांवर येऊन थांबलेलं. 'आय डिड नॉट वेन्ट' खाली लाल रेघ. भूतकाळ 'डिड'नं आधीच उचललाय, तो 'गो'वर पुन्हा लादायचा नाही. समासात ते एवढंच लिहितात, "एकदाच."

१२.३०
अहमदपूर, जिल्हा लातूर. स्थानकाच्या बाकावर डबा. पाण्याची बाटली घरची.

इथली दहावीत पुढं असणारी पोरं अकरावीला लातूरला जातात. राजर्षी शाहू, दयानंद. सरही गेले होते. लातूर पॅटर्न म्हणून जे महाराष्ट्रभर गाजलं, त्याच्या गाभ्याशी सराव परीक्षा होत्या. लिहा, चुका, पुन्हा लिहा. सरांनी तिथून तेवढंच आणलं. चुकलेलं वाक्य तिसऱ्या दिवशी परत विचारायचं, मग दहाव्या दिवशी. मूल सोडवेपर्यंत वाक्य त्याला सोडत नाही.

१.००
अकॅडमीचा वर्ग, बहुतेक मुली. तासाला चारशे, दोन तासांचे आठशे. पैसे दहा तारखेला.

आजचा विषय 'इफ'. सर फळ्यावर मराठीत लिहितात, "पाऊस आला तर पेरणी वाचेल."

"इफ द रेन केम..." एकीची सुरुवात.

तिची चूक समजण्यासारखी आहे. 'आला' हे रूप भूतकाळाचं, पाऊस मात्र अजून यायचाय. मराठी ही गोष्ट झाली असं धरून पुढं जाते. इंग्रजी तिथं साधा वर्तमान घालते, 'इफ इट रेन्स', आणि भविष्य पुढच्या तुकड्यात, 'द क्रॉप विल सर्व्हाइव्ह'. 'केम' घातलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला पावसाची आशाच नाही.

"आशा हाय ना?"

"हाय की!" सगळ्या मुली एकदम.

"मग रेन्स."

त्यानंतरची वाक्यं मुली स्वतः करतात. फॉर्म सुटला तर भरेन. बस मिळाली तर येईन. बाबांनी हो म्हटलं तर लातूरला जाईन. शेवटच्या वाक्याला वर्ग शांत होतो. सर ते फळ्यावर घेतात, दुरुस्त करतात, पुढं जातात. इफ माय फादर ॲग्रीज. 'एस' या वेळी मुलीनं स्वतः लावलेला आहे.

३.३०
परतीची गाडी. खिडकीला डोकं टेकवून सर झोपतात. लोह्याला कंडक्टर उठवतो, तिथं गर्दी होते म्हणून पिशवी मांडीवर घ्यावी लागते.

६.१५
पुन्हा तोच पत्र्याचा हॉल. बोलण्याचा वर्ग, पंधरा जण. मोबाइलच्या दुकानातला सेल्समन, दोन नर्सेस, एक गृहिणी, एक रिक्षावाला. सगळ्यांना वेळेत घरी जायचंय, म्हणून हजेरी नाही, लगेच सुरू.

रिक्षावाला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडची भाडी मारतो. कॅनडा-इंग्लंडहून आलेले भाविक बसतात. म्हाताऱ्यांशी हिंदीत जमतं, त्यांच्या नातवंडांशी जमत नाही. त्याला आज एकच वाक्य हवंय. अर्ध्या तासापासून थांबलोय.

"आय ॲम वेटिंग सिन्स हाफ ॲन अवर," तो म्हणतो. माणसाला कळतं ते. सर आधी तसं सांगतात, मग दुरुस्त करतात. मागं सुरू झालं आणि अजून चालूच आहे, तर 'हॅव बीन'. किती वेळ ते मोजलं तर 'फॉर', कधीपासून ते सांगितलं तर 'सिन्स'. आय हॅव बीन वेटिंग फॉर हाफ ॲन अवर.

जीभ 'हॅव बीन'वर अडखळते. सर टेबलावर बोटांनी ठेका धरतात. हॅव-बीन-वेटिंग, हॅव-बीन-वेटिंग. नर्स तोच साचा पेशंटला लावते. "हाऊ लाँग हॅव यू बीन कफिंग?" रिक्षावाला ते ऐकून स्वतःच प्रश्न करतो. "हाऊ लाँग हॅव यू बीन इन नांदेड?" इथं आयएनजी नाही, तरी बरोबर. त्याला कारण विचारायचं नाही, तो पाठ करून निघतो. साडेसातची गाडी येते, भाडं मिळेल.

८.३०
भाडं द्यायला घरमालक आजोबांकडे. त्यांची पहिली इयत्ता निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, शाळा मराठी झाली, मग पाचवीच्या पुढं इंग्रजी. त्यांनी तर्खडकर भाषांतर पाठमाला करून इंग्रजी कमावली. रोज दहा वाक्यं, पाटीवर.

"मास्तर, आज काय घेतलं?"

"इफ घेतलं, काका."

आजोबा चार वाक्यं खडखडीत म्हणून दाखवतात. एकही चूक नाही. सर खुर्चीवर नीट सरसावून बसतात आणि आणखी विचारतात. त्यांना खरंच ऐकायचं असतं.

९.४०
घर. जेवण, मग हिशोबाची वही. अहमदपूरचे आठशे लिहिले, अजून आलेले नाहीत. गाडी अडीचशे, चहा तीस, झेरॉक्स एकशे दहा, शाईची बाटली साठ. सकाळच्या बॅचची आजची जमा पाचशे, एकाच मुलाची.

मोबाइलवर व्हॉइस मेसेज, किनवटच्या पोराचा. "सर, मी दोन वर्षांपासून अभ्यास करून राहिलो. याला आय ॲम स्टडिंग चालंल का?"

सर रेकॉर्डचं बटण दाबतात. आवाज बसत आलाय, म्हणून सावकाश बोलतात. "नाही. आज सकाळी सुरू केलं असतं तरी नाही. पासून आलं की हॅव बीन. आता तूच तीन वाक्यं करून पाठव, तुझ्या घरची."

उत्तर सव्वादहाला येतं. तीन वाक्यं, पहिली दोन बरोबर. तिसऱ्यात बाप 'हॅव बीन वर्किंग' आहे. सर लिहितात, "हॅज." मग उद्याच्या झेरॉक्सच्या यादीत ते वाक्य घालतात, मुलाचं नाव न लिहिता.