गुडघ्याची वाटी झिजते तेव्हा

सपाट रस्त्यावर मैलभर चालले तरी गुडघा फारशी तक्रार करीत नाही. पण दोन जिने उतरायचे म्हटले की कळ येते. उकिडवे बसल्यावर उठताना कशाचा तरी आधार शोधावा लागतो. एस.टी.त दोन तास पाय दुमडून बसले, तर स्टँडवर उतरल्यावर पहिली चार पावले अवघड जातात. हात ठेवून दाखवायला सांगितले, तर माणूस गुडघ्याच्या बरोबर पुढच्या भागावर तळवा ठेवतो. अशा वेळी दुखण्याचे मूळ बहुधा गुडघ्याच्या वाटीच्या सांध्यात असते. या सांध्याच्या झिजेविषयी आज माहिती घेऊ.

वाटीचे काम काय?

गुडघा म्हणजे एकच सांधा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांचा एक सांधा आणि मांडीचे हाड व वाटी यांचा दुसरा सांधा, असे दोन्ही एकाच पिशवीत असतात. वाटी हे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत बसवलेले लहानसे हाड आहे. विहिरीवरच्या रहाटामुळे दोर ओढणे जसे सोपे होते, तसे वाटीमुळे गुडघा सरळ करताना स्नायूचे बळ वाढते. मांडीच्या हाडाला पुढच्या बाजूने एक खोबण असते. गुडघा दुमडताना आणि सरळ करताना वाटी या खोबणीतून वरखाली सरकते.

वाटीच्या आतल्या बाजूला गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. काही ठिकाणी तो पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. निसर्गाने एवढी जाड गादी दिली, कारण या सांध्यावर येणारा दाबही तसाच मोठा आहे. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा भार येतो. जिना चढता-उतरताना तो वजनाच्या तिप्पट, तर पूर्ण खाली बसून उठताना सातपटीपर्यंत जातो. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या वाटीवर चालताना तीस किलो, जिन्यावर एकशे ऐंशी किलो आणि उकिडवे बसून उठताना चारशे किलोंच्या आसपास भार पडतो. चालणे सोसते पण जिना सोसत नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

झीज का होते?

वाढते वय हे एक कारण आहेच, पण ते एकमेव नाही. काहींची खोबण जन्मतःच उथळ असते किंवा वाटी बाहेरच्या बाजूला झुकलेली असते. मग सगळा दाब कूर्चेच्या एकाच कडेवर येतो आणि तेवढाच भाग घासला जातो. एका बाजूला ओढणाऱ्या सायकलचे टायर जसे एकाच कडेने झिजते, तसाच हा प्रकार. तरुणपणी वाटी एकदा-दोनदा सरकली असेल, पडून वाटीचे हाड मोडले असेल किंवा गुडघ्यावर जोराचा मार लागला असेल, तर पुढे या सांध्याची झीज होण्याचा संभव वाढतो. वाढलेले वजन आणि अशक्त झालेले मांडीचे स्नायू ही आणखी दोन कारणे. स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. आमवातासारख्या रोगांतही वाटीचा सांधा बिघडतो, पण त्याचे उपचार वेगळे आहेत.

गुडघ्यातून कट-कट आवाज येतो म्हणून अनेक जण घाबरून जातात. दुखत नसेल आणि सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. दुखणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवल्यावर आतून वाळू घासल्यासारखी करकर जाणवत असेल, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

‘गॅप’ आणि ‘वंगण’

‘गुडघ्यात गॅप आला’ आणि ‘वंगण संपले’ ही दोन वाक्ये आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. तिच्या जागी दोन हाडांमध्ये मोकळी पट्टी दिसते. झिजेमुळे ही जागा वाढत नाही, उलट कमी होते. तसेच सांध्यातला द्रव आटून सांधा कोरडा पडतो, हेही खरे नाही. झिजलेल्या गुडघ्यात पुष्कळदा द्रव वाढून सूज येते. ही चूक केवळ शब्दांची असती, तर सोडून देता आली असती. पण ‘वंगण संपले, आता गुडघा जपून वापरायचा’ असे मनाने घेतले की माणूस चालणे सोडतो आणि नेमके तेच नुकसानीचे ठरते.

निदान बव्हंशी लक्षणांवरून आणि हाताने तपासूनच होते. एक्स-रे काढायचा झाल्यास तो उभे राहून काढलेला असावा. समोरून काढलेल्या नेहमीच्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर पडलेली दिसते, त्यामुळे तिच्या मागची झीज कळत नाही. त्यासाठी बाजूने एक आणि गुडघा थोडा दुमडून वाटी व खोबण दिसेल असा एक, म्हणजे ‘स्कायलाइन’ फोटो लागतो. पुढच्या बाजूला दुखत असूनही ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ असे कळल्यास हा फोटो घेतला होता का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. एम.आर.आय.ची गरज प्रत्येकाला नसते.

मुख्य औषध : मांडीचे बळ

गुडघा दुखतो म्हणून माणूस पाय वापरत नाही. पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू बारीक होतो. स्नायू बारीक झाला की वाटीला नीट आधार राहत नाही आणि दुखणे वाढते. हे चक्र तोडायचे तर व्यायामाला पर्याय नाही. पुढील व्यायाम घरी करता येतात. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घ्यावेत.

१. पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती खाली दाबावी. पाच ते दहा सेकंद दाबून सैल सोडावे. असे दहा वेळा.

२. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडून घ्यावा. दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर वर उचलावा, पाच सेकंद धरावा आणि सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

३. कुशीवर झोपून वरचा पाय ताठ ठेवून वर उचलावा. यामुळे कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट होतात. तेही वाटीला सरळ रेषेत ठेवण्यास मदत करतात.

४. दुखणे कमी झाल्यावर उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे आणि बसणे.

हे व्यायाम दिवसातून दोन वेळा करावेत. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले, तर संख्या कमी करावी. आठवड्याभरात गुण येत नाही. सहा ते बारा आठवडे नेटाने करावे लागते आणि बरे वाटल्यावरही चालू ठेवावे लागते. बैठका, वज्रासन आणि पद्मासन मात्र दुखणे असेपर्यंत टाळावे. सपाटीवर चालणे, पोहणे, उंच सीटची सायकल हे चांगले.

वजन जास्त असल्यास ते उतरवणे हा दुसरा मोठा उपाय. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन एक किलोने घटले, तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे दिसून आले. पाच किलो वजन कमी झाले तर काय होईल, हे वाचकांनीच पाहावे.

घरातले आणि शेतातले बदल

भाजी निवडणे, भांडी घासणे, निंदणी करणे ही आपल्याकडची कामे उकिडवे बसून होतात. शक्य तेथे बुटक्या पाटाऐवजी उंच स्टूल घ्यावे. संडासात खुर्ची-कमोड ठेवणे फार खर्चाचे नाही. जिन्याला कठडा असावा. चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकावा. काठी वापरायची झाल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आईच्या किंवा सासूच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली आणणाऱ्यांनी आधी एक उंच खुर्ची आणून द्यावी, हे उत्तम.

औषधे आणि इंजेक्शने

दुखणाऱ्या भागावर वेदनाशामक जेल लावणे हा तुलनेने सुरक्षित उपाय आहे. वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो. परंतु दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्यास पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. वृद्धांनी तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने दुखणे थांबते, पण साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असल्यास एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते. ते वारंवार घेऊ नये. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे अशी इंजेक्शने दिलेल्या रुग्णांत कूर्चेची झीज जास्त झाली आणि दुखण्यात विशेष फरक पडला नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. ‘कूर्चा पुन्हा वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांचा तसा ठोस पुरावा नाही.

शस्त्रक्रिया केव्हा?

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. केवळ झिजेसाठी दुर्बिणीने सांधा धुऊन साफ करण्याचा फायदा होत नाही, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले. वाटी वारंवार सरकत असल्यास ती सरळ रेषेत आणण्याची शस्त्रक्रिया करतात. सहा-आठ महिने मनापासून उपचार करूनही रोजचे जगणे अवघड झाले असेल आणि झीज वाटीपुरतीच असेल, तर फक्त वाटीचा सांधा बदलता येतो. झीज सर्वत्र असल्यास पूर्ण गुडघा बदलतात. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा घातली. तेव्हा बिलात रोपणाची किंमत वेगळी दाखवण्यास सांगावे.

वाट पाहू नये अशी लक्षणे

गुडघा लाल होऊन तापला आणि अंगात ताप आला, पडल्यानंतर पाय ताठ ठेवून उचलता येईना, गुडघा अडकून बसला, वाटी जागेवरून सरकली किंवा सकाळी बोटांसह सांधे तासभर आखडलेले राहू लागले, तर त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे जावे.

झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे खरे. पण मांडीचे बळ कोणत्याही वयात वाढवता येते आणि साठीनंतरही जिन्याची भीती पुष्कळ कमी करता येते. टॉवेलची गुंडाळी घरात आहेच. पहिला व्यायाम आज रात्री झोपण्यापूर्वी सुरू करावा.