जतनतज्ज्ञ, संग्रहालयातील

संग्रहालयातील वस्तूंच्या घटकद्रव्यांचा व त्यांच्या ऱ्हासाच्या कारणांचा शास्त्रीय अभ्यास करून त्या सुस्थितीत राखणाऱ्या, तसेच आवश्यक तेथे त्यांवर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या तज्ज्ञास जतनतज्ज्ञ किंवा परिरक्षक म्हणतात. संग्रहालयाच्या अभिरक्षकाहून त्याचे कार्य भिन्न असते. अभिरक्षक वस्तूचा काळ, शैली, इतिहास व महत्त्व यांचा विचार करतो. जतनतज्ज्ञ तीच वस्तू कापूस, लाकूड, ताम्र, रंगद्रव्य वा डिंक यांचा संघात म्हणून पाहतो व तो संघात कशामुळे विघटित होतो, याचा शोध घेतो. मोठ्या संग्रहालयात कागद, वस्त्रे, धातू, चित्रे इत्यादींसाठी स्वतंत्र जतनतज्ज्ञ असतात. या सर्वांच्या कार्याचे नियोजन व देखरेख करणारे आणि संपूर्ण संग्रहाच्या सुस्थितीबद्दल संचालकास उत्तरदायी असणारे पद म्हणजे ज्येष्ठ जतनतज्ज्ञाचे पद होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वस्तूंची निगा राखण्याच्या पारंपरिक पद्धती प्राचीन आहेत. महाराष्ट्रात पोथ्या दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडी रुमालात घट्ट बांधीत व कसर लागू नये म्हणून त्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवीत. तथापि संग्रहालयाने या कामासाठी शास्त्रज्ञाची नेमणूक करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीड्रिख राटगेन या रसायनज्ञाची नियुक्ती केली. पहिल्या महायुद्धात लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममधील अनेक वस्तू सुरक्षिततेसाठी भुयारांत हलविण्यात आल्या होत्या. तेथील दमट हवेमुळे लोखंड गंजले, ताम्रवस्तूंवर हिरवी पूड जमली, कागदावर बुरशी चढली व दगडातील क्षार पृष्ठभागावर आले. या हानीची कारणे शोधण्याचे काम ॲलेक्झांडर स्कॉट यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १९२० मध्ये तेथे प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२४ मध्ये तीत रुजू झालेले हॅरल्ड प्लेंडरलीथ हे पुढे या शास्त्राचे एक प्रमुख प्रवर्तक ठरले. युनेस्कोच्या नवी दिल्ली येथील १९५६ च्या महासभेत सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापण्याचा निर्णय झाला; १९५९ मध्ये रोम येथे सुरू झालेल्या या केंद्राचे प्लेंडरलीथ हेच पहिले संचालक होते.

भारतात पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांची पुरातत्त्व-रसायनज्ञ म्हणून नेमणूक झाली. मद्रासच्या शासकीय संग्रहालयात १९३० च्या दशकात एस. परमशिवन यांनी दक्षिणेतील कांस्यमूर्तींवर रासायनिक उपचारांचे महत्त्वपूर्ण कार्य केले. लखनौ येथे १९७६ मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली, ओ. पी. अगरवाल हे तिचे संस्थापक-संचालक होत.

तज्ज्ञाच्या निवडीचे व त्याने वापरलेल्या द्रव्यांचे परिणाम किती दूरगामी असतात, याचे उदाहरण अजिंठ्यात आढळते. हैदराबाद संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून तेथील भित्तिचित्रांवर उपचार करविले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला व त्यामुळे चित्रांचा मोठा भाग बचावला. परंतु चित्रांवर चढविलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे व काळपट पडले आणि मूळ रंग झाकोळले. हे रोगण काढण्याचे जिकिरीचे काम भारतीय रसायनज्ञांना पुढे अनेक दशके करावे लागले. दोघेही त्या काळचे अनुभवी कारागीर होते. दोष कौशल्याचा नव्हता. वापरलेले द्रव्य पन्नास वर्षांनी कसे वागेल आणि ते मूळ चित्रास धक्का न लावता काढता येईल काय, हा प्रश्न तेव्हा पुरेसा विचारला जात नव्हता. आधुनिक जतनशास्त्राची सारी नीतितत्त्वे या प्रश्नाभोवती उभी आहेत.

कार्यक्षेत्र : जतनकार्याचे तीन प्रकार मानले जातात. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या जतन समितीने २००८ मध्ये नवी दिल्ली येथील अधिवेशनात त्यांच्या संज्ञा निश्चित केल्या. वस्तूला हात न लावता तिच्या परिसरातील अपायकारक घटक दूर करणे हे प्रतिबंधक जतन. चालू असलेला ऱ्हास थांबविण्यासाठी वस्तूवर थेट उपचार करणे हे उपचारात्मक जतन. आणि वस्तूचे रूप अधिक स्पष्टपणे समजावे म्हणून केलेली कामे म्हणजे पुनःस्थापन होय. ज्येष्ठ जतनतज्ज्ञाचा बराचसा वेळ पहिल्या प्रकारात जातो, कारण एका वस्तूवरील उपचारास कित्येक महिने लागतात, तर कोठाराची हवा सुधारल्यास हजारो वस्तूंना एकदम लाभ होतो.

आर्द्रता, तपमान, प्रकाश, कीटक, प्रदूषण, आग, पाणी, चोरी, हाताळणीतील आघात आणि दुर्लक्ष ही ऱ्हासाची प्रमुख कारणे आहेत. आर्द्रताशोषक वस्तूंसाठी स्थिर सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के आणि तपमान १६° ते २५° से. असावे, असे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी सुचविले. मात्र स्थानिक हवामान विचारात घेण्याची मुभाही त्यांनी ठेवली. पावसाळ्यात मुंबईतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते, तर विदर्भातील उन्हाळा अत्यंत कोरडा असतो. त्यामुळे एकच नियम सर्वत्र लावता येत नाही. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री ते बंद ठेवल्यास होणारा चढउतार लाकडास व हस्तिदंतास अधिक घातक ठरतो. प्रकाशाची हानी संचयी असते. ५० लक्स प्रकाशात रोज आठ तास ठेवलेल्या लघुचित्रावर वर्षभरात सु. १ लाख ४६ हजार लक्स-तास प्रकाश पडतो; २०० लक्स प्रकाशात तेवढीच मात्रा सु. तीन महिन्यांत पडते. एकदा उडालेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही.

याशिवाय प्रत्येक वस्तूचा स्थितिदर्शक अहवाल ठेवणे, उसनवारीने बाहेर जाणाऱ्या वस्तूंची तपासणी व वेष्टन, कीटकनियंत्रण, आपत्कालीन योजना आणि सेवकवर्गाचे प्रशिक्षण ही कामेही त्याच्याकडे असतात. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांवर पूर्वी आर्सेनिकयुक्त द्रव्ये लावीत. अशा संग्रहात काम करणाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेणे हाही त्याच्या कर्तव्याचा भाग आहे. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २०१६ मध्ये आणि रीओ दे जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली, तरी इमारतीतील विजेच्या तारांकडे दुर्लक्ष झाल्यास तिचा उपयोग होत नाही, हे अशा घटनांवरून दिसते.

निवड व पात्रता : या पदाची नेमणूक करण्यापूर्वी संग्रहालयाने आपल्या संग्रहाची पाहणी करून गरजा ठरविणे इष्ट असते. प्रामुख्याने हस्तलिखिते असलेल्या संस्थेस धातुतज्ज्ञ नेमून फारसा लाभ होत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या लाकूड, वस्त्रे, हस्तिदंत, वाद्ये व दिवे अशा विविध वस्तूंच्या संग्रहास एका द्रव्यातील निष्णातापेक्षा व्यापक दृष्टीचा तज्ज्ञ अधिक उपयुक्त ठरतो. जतनशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, रसायनशास्त्राचे ज्ञान, हस्तकौशल्य व अनेक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव या सामान्यतः आवश्यक अर्हता मानल्या जातात. केवळ पदवीवरून वा केवळ हातोटीवरून निवड करणे धोक्याचे असते. रसायनशास्त्र जाणणारा परंतु जीर्ण कागद उचलू न शकणारा आणि हात तयार असूनही द्रव्यांचा परिणाम न जाणणारा, हे दोघेही या पदास अपुरे पडतात.

मुलाखतीच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा घेणे उपयुक्त ठरते. उमेदवारापुढे एखादी वस्तू ठेवून तिचा स्थितिदर्शक अहवाल लिहावयास सांगितल्यास त्याची निरीक्षणशक्ती कळते. पूर्वी केलेल्या उपचारांची आधीची, मधली व नंतरची छायाचित्रे आणि लेखी नोंदी तपासाव्यात. ज्या कामाची नोंद नाही, त्या कामाचे मूल्यमापन पुढील पिढीस करता येत नाही. कोणत्या वस्तूवर उपचार करण्याचे त्याने टाळले व का, या प्रश्नाच्या उत्तरातून उमेदवाराचा विवेक दिसून येतो. निवड समितीत संस्थेबाहेरील किमान एक जतनतज्ज्ञ असणे हितकारक असते.

अधिकार व मर्यादा : पदास पुरेसे अधिकार नसल्यास उत्तम तज्ज्ञाची निवडही निष्फळ होते. वस्तू प्रवासास वा प्रदर्शनास अयोग्य असल्याचे मत तो देतो, तेव्हा ते लेखी नोंदविले जावे व संचालकाने ते डावलल्यास त्याची कारणेही नोंदवावीत, ही सुव्यवस्थित संस्थांची रीत आहे. कैरो येथील संग्रहालयात तुतांखामेनच्या सुवर्ण मुखवट्याची निखळलेली दाढी २०१४ मध्ये घाईने इपॉक्सी या न सुटणाऱ्या डिंकाने चिकटविण्यात आली. ती विलग करून योग्य रीतीने बसविण्यास २०१५ मध्ये तज्ज्ञांना मोठे परिश्रम घ्यावे लागले. अधिकार स्पष्ट नसलेल्या संस्थेत असे प्रसंग उद्‌भवण्याचा संभव अधिक असतो.

दुसरीकडे जतनतज्ज्ञाच्या अधिकारासही मर्यादा आहेत. वस्तू सुंदर दिसावी म्हणून तिच्यावरील वापराच्या खुणा पुसून टाकण्याचा त्याला अधिकार नाही. पूजेतील मूर्तीवरचे तेल व कुंकू किंवा जुन्या तलवारीच्या मुठीवरील झीज हा त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग असू शकतो. असा निर्णय अभिरक्षक व जतनतज्ज्ञ यांनी एकत्र विचार करून घ्यावयाचा असतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वतंत्र कला जतन केंद्र असून इतर संस्थांनाही त्याचे साहाय्य होते. लहान संग्रहालयांना पूर्णवेळ ज्येष्ठ तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. अशा वेळी अनेक संस्थांनी मिळून एका तज्ज्ञाची सेवा घेणे, ठराविक काळाने संग्रहाची तपासणी करविणे आणि दैनंदिन निगेसाठी आपल्या सेवकांना प्रशिक्षित करणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. धूळ झटकण्याची योग्य पद्धत, कोठारातील स्वच्छता व आर्द्रतेची नियमित नोंद यांसाठी खर्च अल्प लागतो; मात्र त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहणारी जबाबदार व्यक्ती असावी लागते. जतनतज्ज्ञाचे यश सहसा दृष्टीस पडत नाही. वस्तू आहे त्या स्थितीत पुढील पिढीच्या हाती जाणे, हेच त्याच्या कार्याचे फलित होय.