मैदानाची ओळख (भाग ९) : पहिला लेदर बॉल, पण मापाचा

मागच्या भागात रनअपविषयी बोललो. आता हातातल्या चेंडूकडे येऊ. कोराडी, महादुला, खापरखेडा या वीजकेंद्रांच्या पट्ट्यात संध्याकाळी मोकळ्या जागेवर चालणारं क्रिकेट बहुतेक टेनिस बॉलचंच. त्यात अकरा-बारा वर्षांचं एखादं पोरगं मोठ्यांच्या दांड्या उडवू लागलं की घरी मागणी येते : मला लेदरचा बॉल पाहिजे.

ही मागणी योग्यच आहे. याच पट्ट्यातल्या उमेश यादवची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला, घर खापरखेड्याला, आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत सगळी गोलंदाजी टेनिस बॉलवर. लेदर बॉल नियमित हाती आल्यावर 2008 मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि पहिल्याच मोसमात चार सामन्यांत 20 बळी घेतले. नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. पुढे 57 कसोटींत 170 बळी.

ही गोष्ट सांगून आपण मुलांना उमेद देतो, ते चांगलंच. पण तिच्यातला एक तपशील निसटतो. लेदर बॉल हाती आला तेव्हा उमेशचा हात मोठ्या माणसाचा होता. बारा वर्षांच्या मुलाचा तसा नसतो, आणि आपण त्याच्या हाती देतो तो मात्र मोठ्यांचाच चेंडू.

फरक किती, ते पाहा. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा. पुरुषांच्या सामन्यातला लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट, आणि त्याचा घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. महिलांसाठी नियमात वेगळं माप आहे : 140 ते 151 ग्रॅम. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणखी लहान, 133 ते 144 ग्रॅम, आणि घेर 20.5 ते 22 सेंटिमीटर. ही मापं मुलांचे लाड म्हणून ठरलेली नाहीत. पंजा लहान, म्हणून चेंडू लहान.

आता पकड. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना वर, अंगठ्याची कड खाली शिवणीवर, अनामिका दुमडून बाजूला नुसती टेकलेली. चेंडू बोटांत राहतो, तळव्यात नाही. मधल्या फटीतून उजेड दिसला पाहिजे. सुटताना वरची दोन बोटं चेंडूला मागे फिरकी देतात, त्यामुळे शिवण हवेत उभी राहते. उभ्या शिवणीमुळे दोन्ही बाजूंची हवा वेगवेगळी वाहते आणि चेंडू वळतो. वेगवान गोलंदाजाचं सारं वैभव या दोन बोटांच्या टोकाशी आहे.

चेंडू हाताला मोठा झाला की ही रचना मोडते. तो तळव्यात रुततो, अनामिका आधाराला वर सरकते, मनगट मागे पडतं, आणि मूल चेंडू सोडण्याऐवजी ढकलू लागतं. शिवण आडवी-तिडवी जाते. वजन पेलायला खांदा आणि कंबर वाकडी होते. वाईट हे की ही सवय हात मोठा झाल्यावरही सुटत नाही, आणि मग प्रशिक्षकाचे महिनेच्या महिने ती मोडण्यात जातात. पालकांनी चेंडू महागातला आणला, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

दुकानात तपासणं सोपं आहे. मुलाला वर सांगितलेली पकड घ्यायला लावा आणि हात समोर ताठ धरायला सांगा. थोड्या वेळात मनगट खाली लवलं, किंवा तिसरं बोट वर आलं, तर एक माप खालचा चेंडू मागा. डब्यावर किंवा चेंडूवर वजन छापलेलं असतं. मुलींसाठी 142 ग्रॅमचा चेंडू मागायला संकोच करू नका. आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटही त्याच वजनगटातल्या चेंडूवर चालतं. सरावाला दोन तुकड्यांच्या चामड्याचा स्वस्त चेंडू चालतो, सामन्याला चार तुकड्यांचा घ्या. सिमेंटच्या पट्टीवर चेंडूचं कातडं लवकर सोलतं, तिथे मॅट अंथरा. दव पडलेल्या गवतावर नवा चेंडू नेऊ नका; भिजला की तो फुगतो, जड होतो, आणि मापाचा म्हणून घेतलेला चेंडू मापाचा राहत नाही.

एक गोष्ट मात्र घासाघीस न करता घ्या : समोर खेळणाऱ्यासाठी पॅड, गार्ड आणि हेल्मेट. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांना लेदरचा मार ठाऊक नसतो. हे तिन्ही घरात येईपर्यंत नवा चेंडू भिंतीवर किंवा मोकळ्या जाळीत टाकू द्या. समोर फलंदाज उभा करू नका.