आधी फोटो, मग लेन्स

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले, की पुण्या-मुंबईचे हौशी छायाचित्रकार सुटीच्या दिवशी पहाटे होड्या ठरवून पाण्यात जातात. नंतर ते एकमेकांना फोटो दाखवतात आणि त्यावरचं बरंचसं बोलणं दोन वाटांनी जातं. एक म्हणजे ‘अप्रतिम’. दुसरी म्हणजे ‘लेन्स कोणती?’ पहिल्या शब्दाने फोटो काढणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढच्या खेपेला काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्या प्रश्नातून कळू शकतं. मात्र तो प्रश्न लेन्सची किंमत, तिची नवी आवृत्ती, दुसऱ्या कंपनीची तशीच लेन्स असा भरकटत जातो आणि फोटो मागेच राहतो. माझं म्हणणं असं, की उपकरणांची चर्चा हा या छंदातला दोष मुळीच नाही. ती त्याची जुनी आणि सकस बाजू आहे. तिचा कस जातो तो फोटो समोरून हटतो तेव्हा.

ही बाजू किती जुनी आहे ते मुंबईच्याच इतिहासात दिसतं. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. त्या काळात ओल्या कलोडियनची पद्धत रूढ होत होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि थर ओला आहे तोवर फोटो घेऊन तिथल्या तिथे धुवायची. कलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल असे. आपल्या उन्हाळ्यात ते भराभर उडून जाई. अशा वेळी रसायनांचं प्रमाण, थर सुकण्याचा वेग यांवर बोलल्याशिवाय फोटो निघणंच शक्य नव्हतं. याच सोसायटीच्या पाठबळावर १८५६ ते १८५८ दरम्यान ‘द इंडियन अमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ निघत होता, आणि त्याच्या अंकांत खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. म्हणजे हौशी माणसाचं काम इतरांच्या डोळ्यांसमोर येत होतं. पुढे १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. त्यात १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. घरी डार्करूम थाटणाऱ्यांनी आपल्या हातानं करण्याची रीत पुढंही बराच काळ जपली. पण बहुतेकांसाठी मधली सगळी प्रक्रिया नजरेआड झाली, आणि जे आपण करतो त्याविषयी बोलण्याऐवजी जे आपण विकत घेतो त्याविषयी बोलणं सोपं झालं.

बाजारालाही हेच सोयीचं आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले. २०२२ मध्ये ते जेमतेम ८० लाखांवर आले. लग्न-बारसं-सहलीचे फोटो मोबाइलने घेतले. उरलं ते गिऱ्हाईक म्हणजे व्यावसायिक आणि हौशी, आणि हौशी माणसाला हातातल्या कॅमेऱ्याबद्दल असमाधान वाटत राहण्यावर या उद्योगाचा मोठा भार आहे. म्हणून आकडे पुढे केले जातात. २४ मेगापिक्सेलवरून ४५ वर गेलं, की तपशील दुपटीच्या आसपास गेला असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात पिक्सेल लांबी आणि रुंदी अशा दोन्ही बाजूंना वाटले जातात, त्यामुळे फोटोची रुंदी साधारण ३७ टक्क्यांनीच वाढते. २४ मेगापिक्सेलचा ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो दर इंचाला ३०० पिक्सेल या काटेकोर मापानेही २० बाय १३ इंचांचा छापता येतो. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर मुळात ८३ लाखच पिक्सेल असतात. मोबाइलवर फोटो पाहणाऱ्याला तर हा फरक दिसण्याचं कारणच नाही. दूरच्या पक्ष्याचा फोटो चारही बाजूंनी बराच कापायचा असेल, तर मात्र जादा पिक्सेल खरोखर कामी येतात. तेव्हा आकडा उपयोगी की निरुपयोगी हे आकड्याकडे बघून ठरत नाही, कोणता फोटो काढायचा आहे त्यावरून ठरतं.

यावर कोणी म्हणेल, मग कॅमेरा महत्त्वाचा नसतोच, नजर महत्त्वाची, हे जुनं वचन मान्य करून टाका. ते मला मान्य नाही. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा हातात धरून रस्त्यावर हिंडणं सोपं झालं. आँरी कार्तिए-ब्रेसाँची छायाचित्रं त्या कॅमेऱ्यावेगळी कल्पिता येत नाहीत. पक्षिछायाचित्रणात तर उपकरणाशी नीतीचाही संबंध आहे. ३०० मिलिमीटरऐवजी ६०० ची लेन्स लावली, की तेवढ्याच अंतरावरून पक्षी दुप्पट मोठा दिसतो. हातात छोटी लेन्स असलेला माणूस तोच परिणाम साधायला होडी पुढे घ्यायला सांगतो, चरणारा थवा उडतो, पक्ष्यांची शक्ती फुकट खर्च होते. इथे मोठी लेन्स ही चैन नाही, आणि तिच्याविषयी बोलणं अगदी योग्य आहे.

पण याच होडीत दुसरं उदाहरणही मिळतं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि लांबचा फोटो विरघळल्यासारखा दिसतो. कितीही महागडी लेन्स लावली तरी ही थरथर जात नाही. अंतर जितकं जास्त, तितकी ती अधिक जाणवते. फोटो न पाहता चर्चा झाली, तर दोष लेन्सच्या माथी येतो आणि लाखांच्या खरेदीचा सल्ला मिळतो. फोटो समोर असला, तर जाणता डोळा कारण ओळखतो. हात हलला असेल, तर सगळं चित्र एकाच दिशेला फराटल्यासारखं दिसतं. पक्षी वेगात असेल, तर पंखांची टोकं पुसट होतात आणि मागची स्थिर झाडी स्पष्ट राहते. तेव्हा शटर स्पीड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पुढे न्यायला हवा. फोकस चुकला असेल, तर पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी स्वच्छ दिसतं. उन्हाची थरथर असेल, तर लागोपाठ घेतलेल्या फोटोंत तोच पक्षी कुठे बरा, कुठे वाईट दिसतो. चार दोष, चार वेगळे उपाय, आणि बहुतेकांना पैसा लागत नाही. फोटोत दोष नसेल तरी बोलण्यासारखं उरतंच: कॅमेरा पाण्याच्या किती जवळ धरला होता, पक्ष्याच्या मागे दुसरी होडी का आली, ऊन पाठीवरून घेण्याऐवजी समोरून घेतलं असतं, तर गुलाबी पंखांतून प्रकाश कसा पाझरला असता. लेन्सचा विषय या बोलण्यात आपोआप येतो आणि तिथे तो शोभतो.

आणखी एक आक्षेप मला गंभीर वाटतो. छंद आनंदासाठी असतो. दिवसभर नोकरीत बोलणी खाल्लेल्या माणसाला फोटोवरही टीका कशाला? चिकित्सेचा जुना अनुभवही सगळा चांगला नाही. फोटो क्लबांच्या सलॉन स्पर्धांमधून, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीसारख्या संस्थांच्या छत्राखाली, हौशी माणसाचे प्रिंट भिंतीवर लागले आणि परीक्षकांनी ते निरखून पाहिले, हे मोठं काम झालं. पण स्वीकारल्या गेलेल्या फोटोंच्या संख्येवर किताब मिळू लागले, की परीक्षकाला आवडेल असाच फोटो पुन्हा पुन्हा निघतो. तरी मला चिकित्सेचा त्याग पटत नाही. कौतुकाचा आनंद पटकन विरतो. आपल्याला जे साधत नव्हतं ते साधल्याचा आनंद टिकतो, आणि त्यासाठी दुसऱ्याने नेमकं काय दिसलं ते सांगावं लागतं. गुण देण्याची तर गरजच नसते. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड यांची नोंद साठवलेली असते. क्लबच्या बैठकीत ती आधी झाकून ठेवावी, फोटोवर बोलून व्हावं, मग उघडावी. महागड्या लेन्सला मिळणारी आगाऊ दाद त्याने कमी होईल आणि कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स वापरणाऱ्या नवशिक्याला बोलायला धीर येईल.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हाच असतो. तोही टाळू नये. फक्त आधी त्याला आपले फसलेले फोटो आणायला सांगावेत. समजा त्यात मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमधले, अंधाऱ्या सभागृहातले, नाचणाऱ्या मुलांचे पुसट फोटो निघाले. किट लेन्स पूर्ण झूम केली की अॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे सेकंदाचा तिसावा भाग लागत होता तिथे तीनशेवा पुरतो, आणि नाचणारी मुलं स्पष्ट येतात. तिला झूम नसतो, तेव्हा पुढच्या रांगेत जागा धरावी लागेल. नवी बॉडी घेण्याच्या मानाने हा खर्च खूपच कमी आहे, आणि असलेला कॅमेरा बदलायची त्याला गरज नाही.