खासगी जमिनीवरची कांदळवने : मालकाचा हक्क आणि जबाबदारी

• जमीन कुणाची? सिंधुदुर्गातल्या खाड्यांकाठी बरीच कांदळवने (खारफुटीची जंगले) खासगी सातबाऱ्यावर आहेत.

• कायदा काय सांगतो? मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार जमीन खासगी असली तरी कांदळवन तोडता येत नाही. भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो.

• मालकाला काय मिळते? 2017 च्या राज्य योजनेत खेकडापालन, कालवपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी गटाला 90 टक्के, तर व्यक्तीला 75 टक्के अनुदानाची तरतूद झाली. गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या.

• जिवंत उदाहरण : वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. चिखलातून वर आलेली, हवा घेणारी तिवर या खारफुटीची मुळे तिथे हाताच्या अंतरावर दिसतात.

• पर्यटकांसाठी : कोकणात सहलीला गेलात, तर स्थानिकांच्या होडीतूनच खाडी पाहा आणि प्लास्टिक पाण्यात टाकू नका. कांदळवन राखणाऱ्याच्या घरात चार पैसे गेले, तरच ते टिकेल.