कलिंगडवाल्याची धून कोणाच्या मालकीची?

जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक १९७२ पासून बौद्ध आहेत. त्यांच्या बँडमधले बासवादक बस्टर विल्यम्स यांच्यामुळे ते निचिरेन या जपानी परंपरेकडे वळले. ती आपल्या नवयानाहून बरीच वेगळी. पण आज सांगायची आहे ती त्यांच्या एका धुनेची गोष्ट.

हॅनकॉक यांचा जन्म १९४० चा, शिकागोतला. २२ व्या वर्षी ब्लू नोट कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला, 'टेकिन ऑफ'. त्यातली 'वॉटरमेलन मॅन' ही धून लहानपणी गल्लीत गाडी घेऊन येणाऱ्या कलिंगडवाल्याच्या आठवणीतून सुचलेली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हिणवायला कलिंगडाचाच वापर होई, त्यामुळे हे नाव ठेवावे का, असा प्रश्न त्यांना पडला. शेवटी ठेवलेच. आपल्या वस्तीतल्या कष्टकऱ्याची लाज कसली?

त्याआधीच ट्रंपेटवादक डोनाल्ड बर्ड यांनी त्यांना बजावले होते, धुनांचे प्रकाशन-हक्क कंपनीला देऊ नकोस. हे हक्क म्हणजे खरी मिळकत. पुढे कोणीही ती धून रेकॉर्ड केली, तरी पैसे हक्क असणाऱ्याला मिळतात. कंपनीने हक्क मागितले, तेव्हा हा नवखा पोरगा अडून बसला आणि कंपनीला नमते घ्यावे लागले. १९६३ मध्ये क्यूबाचे तालवादक मोंगो सांतामारिया यांनी तीच धून वाजवली आणि ती अमेरिकाभर गाजली. हक्क हॅनकॉक यांच्याकडेच होते.

पुढे त्यांनी काय नाही केले? माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात पियानो, १९७३ मध्ये 'हेड हंटर्स'चे फंक, १९८३ मध्ये 'रॉकिट'मध्ये हिप-हॉपचे स्क्रॅचिंग. जोनी मिचेल यांच्या गाण्यांवरच्या अल्बमला २००८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

'हेड हंटर्स'मध्ये 'वॉटरमेलन मॅन' पुन्हा आली, नव्या रूपात. सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतात आणि मधेमधे गळ्यातून सूर काढतात. ही वाजवण्याची रीत मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले आदिवासींची, संशोधकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणातून उचललेली. संगीत-अभ्यासक स्टीव्हन फेल्ड यांनी पुढे याबद्दल विचारले, तेव्हा हॅनकॉक यांचा सूर असा होता की, हा भावाभावांतला मामला आहे.

भाऊ खरेच. पण १९६२ मध्ये ज्याने स्वतःचा हक्क सोडला नाही, त्याच्याकडून मला वेगळे उत्तर अपेक्षित होते.