पापलेट, जाळे आणि बियाणे

सातिवलीच्या पश्चिमेस समुद्रावर चालणाऱ्या मासेमारीचा विचार शाकाहारी वाचकांनीही करावा असे आम्हांस वाटते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, पिले धरण्यास मर्यादाही घातली. ते योग्यच, परंतु मोठ्या माशांचे काय? शेतकरी भरदार लोंबी बियाण्यास राखतो. समुद्रातून नेमकी तीच उचलली जाते!

कॉनोव्हर व मंच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिल्व्हरसाइड नामक किनारी माशांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. दर पिढीतील मोठे शेकडा नव्वद मासे काढता चार पिढ्यांतच संतती मंद वाढणारी व खुजी निपजू लागली. २०१९ साली तिच्या जनुकांतही पालट आढळला. काढणी थांबविल्यावर पाच पिढ्या लोटल्या, तरी आकार पूर्ववत झाला नाही. म्हणून पिलांबरोबर थोराड माद्यांनाही अभय मिळावे, असे आमचे मत आहे.